आपले पणजोबा कोणाच्या दप्तरात आहेत?



मागच्या पावसाळ्यात पुतणीच्या जात वैधतेचा अर्ज भरायला बसलो होतो. आम्ही राहतो वसईत, सांडोरला. मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खेड तालुक्यात. अर्जाला वंशावळ जोडावी लागते, तीही शपथपत्रावर. पुतणीचं नाव लिहिलं, भावाचं लिहिलं, वडिलांचं लिहिलं, आजोबांचं लिहिलं. त्याच्या वर पेन थांबलं. पुतणी म्हणाली, "काका, पुढे?"

पुढे मला माहीत नव्हतं. तीस वर्षं चळवळीत आहे. पुणे करार, काळाराम सत्याग्रह, महाडच्या परिषदेचे ठराव, झोपेतून उठवलं तरी तारखांसकट सांगेन. स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता आलं नाही.

त्याच आठवड्यात पलीकडच्या आळीतला कॅथलिक मित्र भेटला. त्याच्या घरातल्या कोणीतरी चर्चच्या नोंदवह्यांतून घराण्याचा तक्ता काढला होता. बाप्तिस्मा, लग्न, मयत, सगळ्याच्या नोंदी. आईचं नाव, बापाचं नाव, लग्नाला साक्षीदार कोण होते तेसुद्धा. त्याने सरळ मनाने विचारलं, "तुमचं कुठे लिहिलेलं असतं रे?" मी तावातावाने म्हणालो, "आमचं कोणी लिहिलंच नाही."

हे वाक्य मी शंभर स्टेजवरून बोललो असेन. टाळ्याही घेतल्यात. आज हा लेख लिहितोय तो ते वाक्य खोटं आहे हे सांगण्यासाठी.

आपल्याला लिहिलेलं आहे. चांगलं ढीगभर लिहिलेलं आहे. आपण लिहिलेलं नाही, आपल्याविषयी लिहिलेलं आहे. राबवून घेण्यासाठी, सारा वसूल करण्यासाठी, पगार वाटण्यासाठी. बरंचसं मोडीत आहे, थोडं इंग्रजीत आहे. त्यातलं पुष्कळसं आज फुकट बघता येतं, आणि ते वाचायला शिकणंही फुकटात किंवा जवळपास फुकटात होतं. आपण शिकत नाही. का शिकत नाही, तर आपल्यातल्याच शहाण्यांनी ठरवून टाकलंय की वंशावळ म्हणजे मनुवाद.

हा आक्षेप मी आधी घेतो, कारण तो प्रामाणिक आहे. गोत्र, प्रवर, कुळ, शुद्ध रक्त या भाषेत वंशावळ सांगणाऱ्यांनीच आपल्याला गावकुसाबाहेर ठेवलं. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांत यजमानांच्या पिढ्यान्‌पिढ्या उतरवलेल्या आहेत. त्या वह्यांची चित्रं आज अमेरिकेतल्या फॅमिलीसर्च नावाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. ज्यांना देवळाच्या पायरीवर उभं केलं जात नव्हतं, त्यांनी असल्या वह्यांत आपलं नाव शोधत बसावं असं मी म्हणत नाही. पण बाबासाहेबांनी काय केलं ते आठवा. 'शूद्र पूर्वी कोण होते?' लिहिताना त्यांनी वेद, महाभारत, पुराणं काढली, त्यातले राजे आणि त्यांची घराणी तपासली आणि ज्यांच्या घरातली ती पोथी होती त्यांच्याच अंगावर उलटवली. पोथी विटाळलेली आहे म्हणून त्यांनी ती बंद करून ठेवली नाही. शिवाय ज्या वैधतेच्या अर्जावर आपल्या पोरांचं इंजिनिअरिंग, मेडिकल आणि नोकरी अवलंबून आहे, तो अर्जच वंशावळ मागतो. तिथे 'आम्ही वंशावळ मानत नाही' असं लिहून बघा.

अडचण नेमकी कुठे आहे ती समजून घ्या. महाराष्ट्रात अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख धरतात. त्या आधीचा, जातीची आणि राहण्याच्या ठिकाणाची नोंद असलेला कागद हाती असेल तर काम सोपं. विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७. आपल्या घरांत १४ ऑक्टोबर १९५६ नंतर शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लागलं, आडनावं बदलली, 'नाक' गेलं. ते जायलाच हवं होतं. पण त्यामुळे १९५६ च्या अलीकडचा कागद आणि पलीकडचा कागद एकाच माणसाचे आहेत हे दाखवायचं काम आपल्यावर येतं. हेच कुटुंबाच्या इतिहासाचं काम आहे. आपण ते एजंटाला देतो. मला एका कार्यालयाबाहेर एजंटाने जी रक्कम सांगितली, त्यात पोरीच्या दोन वर्षांच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला असता. आणि तो करणार काय होता? मूळ गावच्या शाळेत जाऊन जनरल रजिस्टरचा उतारा आणणार होता, बस.

जनरल रजिस्टर म्हटल्यावर साताऱ्याची आठवण होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी तिथल्या सरकारी शाळेत एका मुलाचं नाव दाखल झालं: भिवा रामजी आंबेडकर, क्रमांक १९१४. ते रजिस्टर आजही जपून ठेवलेलं आहे आणि त्या नोंदीमुळेच महाराष्ट्रात ७ नोव्हेंबर हा विद्यार्थी दिवस म्हणून साजरा होतो. कोणीतरी ते जुनं रजिस्टर उघडलं, बोट ठेवून ओळ वाचली, म्हणून आपल्याला तो दिवस मिळाला. तुमच्या आजोबांच्या शाळेतही असं रजिस्टर आहे. ते कोणी उघडलंय?

भीमा कोरेगावला दर १ जानेवारीला आपण लाखोंनी जातो. त्या स्तंभावर कंपनीच्या ४९ सैनिकांची नावं कोरलेली आहेत, त्यातली २२ 'नाक'ने संपतात. दगडावरची यादी आहे ती, आपल्याच माणसांची. किती जणांनी ती शेवटपर्यंत वाचली? खेड, दापोली, मंडणगड, महाड या पट्ट्यात तर फौजेत गेलेली घरं कितीतरी होती. सुभेदार रामजी सकपाळ निवृत्तीनंतर दापोलीलाच येऊन राहिले होते. गोपाळबाबा वलंगकरही फौजेतलेच. फौज म्हणजे पगार, पेन्शन, पलटणीचं नाव, म्हणजे कागद. त्यातले बरेचसे लंडनला ब्रिटिश लायब्ररीत आहेत. तिथे जायला पैसे लागतात हे खरं, पण सूची घरबसल्या चाळता येते. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ त्याहून सोयीचं आहे. नोंदणी करा आणि शोधा.

आता वतनाकडे येतो, कारण तिथे भावनेबरोबर जमीनही आहे. १८७४ च्या वतन कायद्याखाली आपली माणसं सरकारदप्तरी चढली ती चोवीस तासांचे नोकर म्हणून. सारा तालुक्याला पोचवा, साहेबाचं सामान वाहा, मयताची वर्दी गावोगाव न्या. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात याच्याविरुद्ध बिल आणलं. वतन ही गुलामी आहे हे त्यांनी आपल्याच लोकांना सांगितलं, तेव्हा आपल्यातलेच काही जण वतनाचा तुकडा सोडायला तयार नव्हते. वतनं गेली ती १९५८ च्या कायद्याने. जमीन मूळ वतनदारांना परत मिळायची तरतूद झाली, पण विकायची तर सरकारची परवानगी हवी अशा शर्तीवर. हे सगळं कागदावर आहे: वतनाचं रजिस्टर, फेरफार, जुने सातबारे. अनेक जिल्ह्यांचे असे जुने अभिलेख शासनाने स्कॅन करून ऑनलाइन ठेवलेत. २०२५ साली पुण्यात मुंढव्याच्या महार वतनाच्या सुमारे ४० एकर जमिनीच्या व्यवहारावरून राज्यभर गदारोळ झाला. जमीन घेणारे लोक कागद वाचतात. आपण मोर्चा काढतो. मोर्चा काढाच, पण फेरफारही वाचायला शिका.

आणि एक गंमत बघा. शिवेचा तंटा झाला की गाव कोणाची साक्ष प्रमाण मानत होतं? महाराची. मयताची बातमी कोण नेत होतं? महार. गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या हातात होतं, पण त्यातली माहिती आपल्या पायांनी चालत गेलेली होती. मग 'आमचा इतिहासच नाही' हे कोण कोणाला सांगतंय?

सरकार म्हणेल, जुन्या नोंदी शोधणं अवघड आहे, मोडी वाचणारे नाहीत. हे आता चालणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, कुणबी नोंदी शोधायला. मराठवाड्यात पहिल्या फेरीतच १ कोटी ७२ लाख कागद तपासले गेले, ११,५३० नोंदी सापडल्या. नंतर ते काम राज्यभर झालं. कोतवाल बुकं, शाळांची रजिस्टरं, महसुलाची जुनी दप्तरं उघडली गेली, मोडीचे जाणकार बसवले गेले, नोंदी जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर टाकल्या गेल्या. मराठा समाजाच्या मागणीचं बरोबर-चूक हा या लेखाचा विषय नाही. माझा प्रश्न साधा आहे. कोतवाल बुकाच्या ज्या पानावर वरच्या ओळीत कुणबी आहे, त्याच पानावर खालच्या ओळींत महार, मांग, चांभार, रामोशी, वारली आहेत. पान तेच, मोडीवाला तोच, स्कॅनर तोच. मग त्या खालच्या ओळी कोणी वाचायच्या? आपल्या संघटनांनी ही मागणी एकदिलाने केली का? माझ्या ऐकिवात नाही. आपण त्या वेळी एकमेकांच्या गटाच्या फ्लेक्सवर कोणाचा फोटो मोठा, यात गुंतलो होतो.

अमेरिकेतल्या काळ्या लोकांचं बघा. पँथरचं नाव आपण त्यांच्याकडूनच घेतलं. १८७० च्या जनगणनेआधी त्यांच्यातल्या गुलामांना नावाने नोंदवलेलंच नाही. मालकाच्या नावाखाली नुसतं वय आणि लिंग. त्यांनी 'आम्हाला कोणी लिहिलं नाही' म्हणून हात टेकले नाहीत. गुलामगिरी संपल्यावर स्थापन झालेल्या फ्रीडमन्स ब्युरोची कागदपत्रं २०१५-१६ मध्ये २५ हजारांहून जास्त स्वयंसेवकांनी घरी बसून एकेक ओळ वाचून काढली, जवळपास १८ लाख नावं शोधता येतील अशी केली. फुकट केली, आणि ती सगळ्यांना फुकट आहेत. मालकाचे हिशेब त्यांनी आपल्या घराण्याचे पुरावे केले.

वर ज्या फॅमिलीसर्चचा उल्लेख केला, तिथेच हे झालं. ते अमेरिकेतल्या मॉर्मन चर्चचं आहे, त्यांचे धार्मिक हेतू त्यांना लखलाभ. खातं फुकट आहे, आणि जुनी कागदपत्रं कशी वाचायची, कुठल्या देशात काय मिळतं, याचे धडेही फुकट आहेत. इंग्रजीत आहेत, पण बारावी झालेल्या पोराला कळतील. एकच सांगतो: जिवंत माणसांची माहिती कुठेही ऑनलाइन चढवू नका. आणि डीएनए टेस्टच्या जाहिरातींना भुलून पैसे घालवू नका. कुठल्याही समितीपुढे ती चिठ्ठी चालत नाही.

मोडीसाठी लांब जायला नको. राज्याच्या पुराभिलेख खात्याचे मोडीचे वर्ग भरतात, काही विद्यापीठांतही भरतात, यूट्यूबवर तर मराठीत धड्यांची रांग आहे. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन महिन्यांत नावं आणि जाती ओळखू येतात. शोधायला तेवढं पुरतं. जुनी गॅझेटियरं फुकट मिळतात. ठाणे जिल्ह्याचं १८८२ चं आहे, त्यात वसई आहे. आपल्याविषयी जे लिहिलंय ते वाचून डोकं फिरेल, तरी वाचा. आणि वसई-विरारच्या पोरांनी हे लक्षात ठेवा: पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला आणि महापालिका २००९ ला. त्याआधीचं काहीही शोधताना 'ठाणे' आणि आपली जुनी ग्रामपंचायत किंवा नगरपालिका बघा, नाहीतर 'नोंद नाही' हे उत्तर ठरलेलं. कोणी दाद देत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

सरकारी दप्तराबाहेरही पुष्कळ आहे. कोकणातल्या आपल्या प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ होतं. परळ, वरळी, नायगावच्या चाळींत बैठका व्हायच्या, वर्गणीच्या वह्या असायच्या, वाडीवार नावं असायची. त्या वह्या कोणाच्या तरी माळ्यावर ट्रंकेत आहेत आणि घर रिडेव्हलपमेंटला गेलं की भंगारात जाणार आहेत. मोबाईलने फोटो काढायला पैसे पडत नाहीत.

बायकांचं मात्र अवघड आहे. वतनाच्या रजिस्टरात त्या नाहीत. फौजेच्या यादीत नाहीत. जात्यावरच्या ओव्यांत आहेत. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सुरू केलेल्या कामातून लाखाहून जास्त ओव्या जमल्या, हजाराहून जास्त गावांतून. गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. त्यात भीमाच्या ओव्या भरपूर आहेत. 'परी'च्या संकेतस्थळावर त्या फुकट ऐकता येतात. तुमच्या आजीच्या गावचं नाव टाकून तर बघा.

आमच्या पुतणीचं काय झालं? एजंटाला पैसे दिले नाहीत. ती आणि मी गावी गेलो, शाळेतून आजोबांचा उतारा आणला, १९५० च्या आधीचा. अर्जाचं काम झालं. पण तिला तिथेच थांबायचं नव्हतं. तिने तीन महिने मोडी शिकली आणि गावच्या जुन्या जन्म-मृत्यूच्या नोंदीतून एक ओळ काढली. आजोबांचा जन्म, बापाचं नाव 'नाक' लावून, जात, गाव. आईच्या जागी काहीच नाही. पुतणी आता त्या रिकाम्या जागेच्या मागे लागली आहे. गावात नव्वदीच्या पुढची एक आजी आहे, तिला बहुतेक ठाऊक असावं. दिवाळीच्या सुट्टीत दोघं पुन्हा जाणार आहोत. तोवर दर रविवारी संध्याकाळी आमच्या विहारात वंदनेनंतर ती चार पोरांना मोडी शिकवते. येताना आजोबांचा शाळेचा दाखला आणा, मूळ प्रत नको, झेरॉक्स चालेल.