आकाशगंगेत परभणी

जगात जर्मनी, भारतात परभणी. ही म्हण आम्ही निम्मी गमतीने आणि निम्मी गंभीरपणे म्हणतो, आणि परगावच्या माणसाने हसत म्हटली की रागावतो. तिच्यात जगापलीकडचा टप्पा मात्र नाही. तो असावा असं म्हटलं की साहित्यातली जाणती मंडळी चष्म्यावरून बघतात. अंतराळयानं, बोलणारे प्राणी, एकमेकांच्या जिवावर उठलेल्या परग्रहांवरच्या जमाती, हे सगळं पोरासोरांचं वाचन; दिवाळी अंकाच्या बालविभागात ठीक. त्यातून माल अमेरिकेचा. आणि कापसाला भाव नाही, विहिरीला पाणी नाही अशा जिल्ह्यातल्या लेखकाने चांदण्या मोजत बसावं, ही तर निव्वळ चैन.

यातला शेवटचा आक्षेप वजनदार आहे, त्याच्याकडे येतोच. आधी पोरकटपणाचं बघू. ‘स्पेस ऑपेरा’ हा शब्दच मुळी शिवी म्हणून जन्मला. अमेरिकेत रेडिओवरच्या रडक्या मालिकांना साबणवाले पैसे पुरवत, म्हणून त्या ‘सोप ऑपेरा’ झाल्या. त्याच चालीवर 1941 साली विल्सन टकर या लेखकाने भरताड अंतराळकथांना ‘स्पेस ऑपेरा’ म्हटलं. म्हणजे आपल्या समीक्षकांच्या कितीतरी आधी त्याच गोटातल्या माणसाने नाक मुरडून झालं होतं. भरताड तेव्हा होतं, आजही आहे. पण रटाळ कीर्तन ऐकलं म्हणून कोणी ज्ञानेश्वरी बासनात बांधून ठेवत नाही.

आणि बोलणारं जनावर म्हणजे बालवाङ्मय, हे आमच्या गोदाकाठी कोणी सांगू नये. गंगाखेडला येणारं पाणी पैठणवरून येतं, आणि पैठणला रेड्याने वेद म्हटले अशी कथा आहे. संन्याशाच्या पोरांना शुद्धिपत्र द्यायचं की नाही, यावर ब्रह्मवृंदाची बैठक बसलेली. रस्त्याने एक रेडा चाललेला. त्याचंही नाव ज्ञाना, मग तू आणि तो सारखेच का, असा टोमणा. त्या टोमण्याला उत्तर म्हणून रेड्याच्या तोंडी वेद येतात. कथेचा रोख जनावराच्या करामतीवर नाहीच. ज्ञान कोणापाशी असू शकतं हे ठरवायचा मक्ता कोणाचा, हे तिथलं भांडण आहे. तेच भांडण 2013 मध्ये एका सरकारी परिपत्रकात येऊन बसलं. डॉल्फिनांचे खेळ भरवायला परवानगी देऊ नका असं सांगताना केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने, या प्राण्याकडे मानवेतर ‘व्यक्ती’ म्हणून बघावं असं काही शास्त्रज्ञांचं म्हणणं असल्याची नोंद केली. जावक क्रमांकाच्या कागदावर व्यक्ती! याला पोरकट म्हणायचं धाडस मला तरी होत नाही.

आता अमेरिकेच्या मालाकडे. डेव्हिड ब्रिन यांची ‘स्टारटाइड रायझिंग’ ही 1983 ची कादंबरी. ह्यूगो आणि नेब्युला हे त्या प्रांतातले दोन्ही मोठे पुरस्कार तिला मिळाले. यानाचा कप्तान डॉल्फिन, खलाशीही बहुतेक डॉल्फिन, सोबत मोजकी माणसं आणि एक चिंपांझी. यान नादुरुस्त होऊन पाण्याने भरलेल्या एका ग्रहावर अडकलंय. त्याच्या हाती लागलेल्या गुपितासाठी वर आकाशात परक्या जमाती एकमेकींना मारताहेत. साहस म्हणावं तर एवढंच. खरी मेख वेगळी आहे. त्या विश्वात कोणतीही जमात आपसूक शहाणी होत नाही, असा समज आहे. जुनी जमात नव्या जमातीला जनावरपणातून वर काढते, आणि त्या उपकाराच्या बदल्यात वर काढलेल्यांनी काढणाऱ्यांची एक लाख वर्षं चाकरी करायची. या वर काढण्याला ब्रिन ‘अपलिफ्ट’ म्हणतात.

याचं मराठी करा. उचल!

आमच्याकडे गुढीपाडव्याला साल धरतात. सालगडी मालकाकडून उचल घेतो, वर्षभर राबतो, पुढच्या पाडव्याला हिशेब होतो आणि बरेचदा उचल काही फिटलेली नसते. मग पुन्हा तेच दार. वेठबिगारी कायद्याने 1976 साली संपली. उचल हा शब्द संपलेला नाही. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघणारं जोडपं, म्हणजे मुकादमाच्या वहीतला एक ‘कोयता’, आजही उचल घेऊनच गाडीत चढतं. तेव्हा लाख वर्षांच्या चाकरीची गोष्ट परकी कोणाला? अमेरिकेतल्या वाचकाला ती कल्पनेची भरारी वाटत असेल, सोनपेठ-पाथरीच्या वाचकाला हिशेबाची वही दिसेल. आपण ती वाचत नाही, लिहीत तर नाहीच, आणि वर तिला परदेशी म्हणतो.

विज्ञानवाल्यांचाही एक आक्षेप आहे, आणि तो खरा आहे. 1977 साली निघालेलं व्हॉयेजर-1 सेकंदाला सुमारे 17 किलोमीटर पळतंय. त्या वेगाने सूर्याला सगळ्यात जवळ असलेल्या ताऱ्याइतकं अंतर कापायला सत्तर हजारांहून जास्त वर्षं लागतील. तिथे कसली युद्धं आणि कसले दूत? मान्य. जयंत नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ पाठवली ती नारायण विनायक जगताप या नावाने, आपल्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून. तेव्हापासून मराठी विज्ञानकथा बरीचशी विज्ञानाचं बोट धरून चालत आली. त्या शिस्तीचे उपकार मोठे आहेत. पण उपकाराची परतफेड म्हणून तिने लाख वर्षं विज्ञानप्रसाराचीच चाकरी करावी, असा करार कुठे झालाय?

राहिला चैनीचा मुद्दा. औंढा नागनाथ 1 मे 1999 पर्यंत आमच्या जिल्ह्यात होतं, हिंगोली वेगळा झाला तेव्हा तिकडे गेलं. नामदेवांसाठी देऊळ फिरलं ते हेच. त्याच औंढ्याजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा व्हायची आहे: काटकोनात चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेले सुमारे 2600 कोटी रुपये. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं धडकली त्याचा हादरा मोजायला जग आमच्या शिवेवर येणार, आणि आम्ही ताऱ्यांकडे बघायचं नाही! शिवाय दुष्काळ आणि आकाश यांत निवड करायची कशाला? गोदावरीच्या पाण्यावरून वरची नाशिक-नगरची धरणं आणि खालचं जायकवाडी यांचं भांडण 2005 चा समन्यायी वाटपाचा कायदा होऊनही मिटलेलं नाही. वर बलाढ्य जमाती झगडताहेत आणि डाव्या कालव्याच्या टेलचा शेतकरी आवर्तनाची वाट बघत चारी उकरतोय. ब्रिनच्या ग्रहावर अडकलेला कप्तान याहून फार वेगळ्या अवस्थेत नाही.

उलट आमच्याकडे एक गोष्ट आहे जी ब्रिनच्या विश्वात नाही. गंगाखेडची जनाबाई स्वतःला नामदेवाची दासी म्हणवते, आणि तिच्या जात्याला खुंटा धरायला विठ्ठल येतो. सगळ्यात मोठा धनी चाकराच्या घरी दळायला बसलाय. देणं कोण कोणाचं लागतो, हा हिशेब इथे पार उलटा फिरतो, आणि आकाशगंगांच्या लढायांपेक्षा मला तो जास्त धाडसी वाटतो.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळणी बघा. जुवाने घट्टे पडलेली बैलाची मान गरम पाण्याने शेकायची, मग हळद आणि तूप बोटांनी जिरवायचं. बैल मान खाली घालून उभा असतो, कातडी मधूनच थरथरते. मग त्याच्या कानाशी माणूस म्हणतो, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. एरवी ज्याला वर्षभर ‘अरे’ केलं त्याला ‘घ्या’ आणि ‘या’. एका जमातीने दुसऱ्या जमातीशी केलेलं हे बोलणं आहे. त्यात कबुली आहे आणि परवापासून पुन्हा जू आहे. याहून चांगली सुरुवात कोणत्या अंतराळकथेला मिळाली? पुढे फक्त बैलाने उत्तर द्यायचं बाकी आहे. ट्रॅक्टर आले, पुष्कळ दारांत आता मातीचेच बैल पुजतात, तेव्हा ते लवकर लिहिलेलं बरं.

दिवाळी अंकांच्या संपादकांना एवढीच विनंती. परभणीहून असं हस्तलिखित आलं, त्यात लाल कंधारी बैल यानाचा कप्तान असला आणि तो वऱ्हाडी वळणाच्या मराठवाडी बोलीत मुकादमाकडे उचलीचा हिशेब मागत असला, तर ते बालविभागात टाकू नका.