हौसेचा धूर

बँकेतून निवृत्त झाल्यावर मला स्वयंपाकघराचा नाद लागला. हल्ली अंड्यांना धुरी देतो. उकडलेली अंडी सोलून, पुसून पातेल्यात मांडायची, मध्ये वाटीत निखारा ठेवून त्यावर चमचाभर साजूक तूप सोडायचं आणि झाकण घट्ट लावायचं. पाच मिनिटं पुरतात; जास्त झाली तर कडवटपणा येतो. एवढ्याशा धुरानं अंडी टिकाऊ होत नाहीत, फक्त चव बदलते. ती लगेच संपवावीत.

निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, म्हणून खिडक्या सताड उघड्या ठेवतो. पाच मिनिटांच्या धुरासाठी एवढी काळजी! माझ्या आईनं चुलीपुढे जन्म काढला, तिच्या वाट्याला वीतभर झरोका होता. २०१६ साली उज्ज्वला योजना आली, गॅस खेडोपाडी पोचला. पण सिलिंडर परवडत नाही म्हणून कितीतरी घरांत अजून चूल पेटतेच.

धुराची चव खुशाल घ्यावी. मात्र ‘चुलीवरच्या जेवणाची गोडी न्यारी’ म्हणण्यापूर्वी ती चूल कोण फुंकतंय, तेही पाहावं. धूर नको झाला की झाकण उघडून बाहेर घालवता येतो, त्यालाच तो रुचकर लागतो.