हप्त्याचे घर की भाड्याचे?

'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' ही म्हण रूढ झाली, त्या काळी घर बांधणाऱ्याला बँकेचा वीस वर्षांचा हप्ता ठाऊक नव्हता. आज मुंबई, ठाणे किंवा पुण्यात नोकरीत स्थिरावू पाहणाऱ्या जोडप्यापुढे हा प्रश्न लग्नानंतर दोन-तीन वर्षांतच उभा राहतो : घर विकत घ्यावे की भाड्याने राहावे? 'भाडे म्हणजे पाण्यात गेलेला पैसा', असे घरातील वडीलधारी मंडळी सांगतात. त्यामागे त्यांचा अनुभव आहे. हिशेब मात्र तितका सरळ नाही.

मुंबई परिसरातील एक कोटी रुपयांच्या तयार सदनिकेचे उदाहरण घेऊ. महानगरांत घरभाड्याचे वार्षिक उत्पन्न किमतीच्या सर्वसाधारणपणे दोन ते तीन टक्के असते. म्हणजे ही सदनिका महिना २५ हजारांच्या आसपास भाड्याने मिळू शकते. तीच विकत घ्यायची, तर स्वतःचे २० लाख, सहा टक्के मुद्रांक शुल्काचे सहा लाख आणि नोंदणीचे ३० हजार असे २६ लाख ३० हजार रुपये आधी हाताशी हवेत. उरलेल्या ८० लाखांच्या कर्जावर साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी सुमारे ६९,४०० रुपये हप्ता बसतो.

हप्त्यातील मुद्दल ही आपलीच बचत असल्याने ती खर्चात धरू नये. तरीही पहिल्या वर्षी पावणेसात लाख केवळ व्याजापोटी जातात. घरात अडकलेले २६ लाख मुदत ठेवीत ठेवले असते, तर साडेसहा टक्क्यांनी त्यावर एक लाख ७० हजार मिळाले असते. सोसायटीची देखभाल आणि मालमत्ता कर यांचे ५० हजार धरले, तर पहिल्या वर्षाचा खर्च नऊ लाखांच्या घरात जातो. भाडेकरूचा खर्च तीन लाख. हा सहा लाखांचा फरक भरून निघण्यासाठी एक कोटीचे घर वर्षाला सहा टक्क्यांनी महागले पाहिजे. शिवाय मुद्रांक शुल्काचे सहा लाख परत मिळत नाहीत, ते वेगळेच. तीन-चार वर्षांत गाव बदलण्याची शक्यता असलेल्याने घर घेण्याची घाई करू नये, असे म्हणतात ते याच कारणाने.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. हप्ता ढोबळमानाने स्थिर राहतो, भाडे वाढत जाते. दरसाल पाच टक्के वाढ धरली, तर २५ हजारांचे भाडे दहा वर्षांनी ४१ हजारांच्या आसपास आणि वीस वर्षांनी ६६ हजारांवर पोहोचते. नेमका त्याच सुमारास मालकाचा हप्ता संपतो. भाड्याचा निर्णय फायद्याचा ठरतो तो दरमहा वाचणारे पैसे नियमाने गुंतवले तरच. बहुतेक कुटुंबांत ते खर्च होतात. गृहकर्ज ही सक्तीची बचत आहे, हा वडीलधाऱ्यांच्या सल्ल्यातील खरा अर्थ.

अर्थात हप्ताही पूर्णपणे स्थिर नसतो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर चारवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा असंख्य कर्जदारांची परतफेडीची मुदत काही वर्षांनी लांबली. २०२५ मध्ये दर पुन्हा उतरले. ज्याचे अंदाजपत्रक दोन टक्क्यांची वाढ सोसू शकत नाही, त्याने तेवढे कर्ज घेऊ नये. करसवलतीचा युक्तिवादही आता पूर्वीइतका बळकट नाही. राहत्या घराच्या कर्जावरील व्याजाची वजावट आणि घरभाडे भत्त्याची सूट, दोन्ही जुन्या करपद्धतीतच मिळतात.

मग आकडे अनेकदा भाड्याच्या बाजूने असूनही माणसे घर का घेतात? कारण भाडेकरूला दारावरच्या पाटीची शाश्वती नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठवली. मालकांनी दुरुस्ती सोडली, पागडी फोफावली आणि नवी घरे भाड्याने देणे धोक्याचे ठरले. देशाच्या शहरांतील भाड्याच्या घरांचे प्रमाण १९६१ मधील ५४ टक्क्यांवरून २०११ मध्ये २८ टक्क्यांवर आले आणि त्याच वर्षी मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी होती, अशी नोंद २०१७-१८ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यानंतर लंबक दुसऱ्या टोकाला गेला. 'लिव्ह अँड लायसन्स' करारात राहणाऱ्याला मुदतीपलीकडे कोणतेही संरक्षण नाही. मुदत संपूनही घर न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. दर अकरा महिन्यांनी नवा करार, नवी दलाली आणि 'मुलाची शाळा बदलावी लागेल का?' ही धास्ती. त्यातच आहार, धर्म वा अविवाहित असणे यावरून नकार मिळतो, तो निराळाच.

यातील अकरा महिन्यांची प्रथा तर निव्वळ सवयीची आहे. वर्षाहून कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणीची सक्ती नसते, यातून ती आली. महाराष्ट्रात मात्र मुदत कितीही असो, असा करार लेखी करून नोंदवणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या करारावर मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्काच लागते. तेव्हा वार्षिक वाढ आधीच ठरवून तीन किंवा पाच वर्षांचा करार करणे दोघांच्याही हिताचे आहे. भाडेकरूने तो मागावा आणि मधल्या काळात घर सोडायला लावता येणार नाही, असे कलम त्यात घालून घ्यावे.

सात-आठ वर्षे एकाच शहरात राहण्याची खात्री, हप्ता घरातल्या एकाच्या पगारातून भागण्याची सोय आणि सहा महिन्यांचा खर्च शिल्लक असेल, तर घर जरूर घ्यावे. बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पाची महारेरावरील नोंद मात्र आधी तपासावी. यातले एकही नसेल, तर भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. परंतु जोवर भाड्याच्या घरात निर्धास्तपणे दहा वर्षे काढण्याची सोय शहरे करत नाहीत, तोवर मध्यमवर्ग घराबरोबर थोडी निश्चिंतीही विकत घेत राहील, आणि तिची किंमत वीस वर्षे हप्त्याने फेडत राहील.