तांब्याच्या नावाने चरबी विकत घेऊ नका

रविवारी विहारात वंदना झाली आणि एका ताईंनी पिशवीतून काचेची छोटी डबी काढून आमच्या हातात दिली. "सिस्टर, याने टाचा भरतील का?" ताई नारायणगावला टोमॅटो निवडायला जातात. टाचांना भेगा, बोटांच्या पेरांना चिरा. डबीवर लिहिले होते : कॉपर पेप्टाइड, टॅलो, मध, मेण, संपूर्ण नैसर्गिक. मुलीने मोबाईलवर जाहिरात पाहून मागवली होती. किंमत ताईंच्या तीन दिवसांच्या मजुरीएवढी.

हल्ली जुन्नर-आंबेगावच्या वस्त्यांतही अशा डब्या दिसू लागल्या आहेत. म्हणून डबीत काय असते, हे आधी समजून घेऊ.

टॅलो म्हणजे जनावराची वितळवून गाळलेली चरबी. आपल्या आज्या टाचेला चरबीच चोळायच्या. तेव्हा गाव नाक मुरडायचे. 'यांच्या घराला वास येतो' हे आपण शाळेत ऐकले आणि लाजेने आजीची ती वाटी लपवली. आज तीच चरबी इंग्रजी नाव लावून, काचेत भरून आपल्यालाच विकली जाते. भगिनींनो, आजीची लाज बाळगण्याचे तेव्हा कारण नव्हते आणि आज त्या डबीपुढे दिपून जाण्याचेही नाही. विनयपिटकातल्या महावग्गात आजारी भिक्खूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे सांगितली आहेत. प्राण्यांच्या चरबीलाही औषध म्हणून परवानगी आहे. तथागतांनी ती गरजेपुरती दिली, तिचा बडेजाव केला नाही.

चरबी, तेल, मेण यांचे काम साधे आहे. कातडीवर थर धरायचा आणि आतली ओल उडू द्यायची नाही. कातडी मऊ राहिली की भेग भरायला वाव मिळतो. हे काम खोबरेल करते, साधी पेट्रोलियम जेली तर उत्तम करते. त्याला शेकडो रुपये लागत नाहीत.

आता तांबे. कॉपर पेप्टाइड ही खोटी गोष्ट नाही. 1973 साली अमेरिकेतील लॉरेन पिकार्ट या संशोधकाने माणसाच्या रक्तद्रवातून तीन अमिनो आम्लांची एक छोटी साखळी वेगळी केली. ती तांब्याला धरून ठेवते. सुरकुत्यांवर तिचे काही छोटे अभ्यास झाले आहेत. पण हा पदार्थ पाण्यात विरघळतो, चरबीत नाही. नुसत्या चरबी-मेणाच्या डबीत तो नीट मिसळतच नाही. मिसळायला पाणी घालावे, तर बुरशी धरू नये म्हणून टिकवणारे रसायन घालावे लागते. मग 'संपूर्ण नैसर्गिक' कुठे राहिले?

काही जणी म्हणतात, आम्ही घरीच तांब्याच्या परातीत तूप शंभर वेळा धुऊन मलम करतो. शतधौत घृत जुने आहे आणि कातडीला मऊही लागते. पण परात घासून पेप्टाइड तयार होत नाही. तांबे म्हणजे काय हे आपल्याला कुणी शिकवायला नको. जुन्नरच्या लेण्यांतल्या शिलालेखात काशाचे काम करणाऱ्यांच्या श्रेणीचा उल्लेख आहे. बिनकल्हईच्या भांड्यात ताक कळकते, हे घरातली पोरही सांगेल. तांबे लागले की तूप-चरबीही लवकर खवट होते.

मधाचेही तसेच. दवाखान्यात जखमेवर वापरतात तो मध गॅमा किरणांनी जंतुमुक्त केलेला असतो. भीमाशंकरच्या रानातला मध भाकरीबरोबर जरूर खा, पण उघड्या जखमेवर लावू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर मध चाटवूही नका. त्यातल्या जंतूंनी बाळाला लुळेपणाचा जिवावरचा आजार होऊ शकतो.

मग करायचे काय? रात्री कोमट पाण्याने पाय धुवा, बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करा, लगेच जेली किंवा खोबरेल लावा आणि जुने मोजे घाला. घरी मलम हवेच असेल तर चार भाग खोबरेल आणि एक भाग मेण मंद आचेवर वितळवा. कोकणातले भिरंडेल मिळाले तर तेही चांगले. गरम मेण भेगेत ओतू नका, भाजते.

काही वेळा मात्र डबी नकोच, दवाखाना गाठा. साखरेचा आजार आणि पायाला भेग. भेगेतून पू. गोल, खाजणारे गजकर्ण. आणि फिकट चट्टा, जिथे टोचलेले कळत नाही. हा कुष्ठरोग असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते आणि वेळेत घेतले तर व्यंग येत नाही. चट्ट्यावर महागडे मलम चोळत काढलेले सहा महिने हाताची बोटे नेऊ शकतात. विकतच्या डबीवर बनवणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक आणि मुदत नसेल, तर ती परत करा.

शेवटची गोष्ट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते. ताईंच्या टाचा भेगाळल्या त्या कातडीत तांबे कमी पडले म्हणून नव्हे. दिवसभर चिखलात अनवाणी पाय, टोमॅटोचा चीक आणि फवारणीचे औषध लागलेले हात, हे त्याचे कारण आहे. माल हाताळणाऱ्या बाईला हातमोजे आणि बूट देणे हे काम देणाऱ्याचे कर्तव्य आहे. ते एकटीने मागितले तर उद्या कामावरून नाव कटते. टोळीने मिळून मागितले तर ऐकावे लागते. डबीचे पैसे वाचवा आणि येत्या हंगामाआधी टोळीतल्या सगळ्या जणी एकदा विहारात बसा. आम्ही येतो.

जय भीम.