रोग यादीत, रोगी यादीबाहेर

पावसाळ्यात हिंदमातेला पाणी तुंबले की गटार म्हणजे काय, याची दादर-परळकरांना पुरेपूर ओळख पटते. येथून काही मैल दक्षिणेला, झवेरी बाजाराच्या गल्ल्यांत, त्याच गटारावर काही माणसांचे पोट चालते. सोनारकामात उडालेला सोन्याचा कीस केरातून व सांडपाण्यातून वाहत येतो. झारेकरी तो गाळ घमेल्यात धुतो आणि उरलेल्या मातीत पारा कालवतो. पारा सोन्याचे कण ओढून घेतो. तो गोळा तापवला की पारा उडून जातो व सोने मागे राहते.

‘उडून जातो’ हे म्हणणेच फसवे आहे. पारा प्रथम शिरतो तो तापवणाऱ्याच्या श्वासात. गिळलेला धातुरूप पारा शरीरात फारसा शोषला जात नाही. परंतु श्वासावाटे गेलेल्या त्याच्या वाफेपैकी सुमारे 80 टक्के भाग रक्तात उतरतो आणि मेंदू व मूत्रपिंडे गाठतो. हाताला कंप, निद्रानाश, विसराळूपणा, चिडचिड, सुजलेल्या हिरड्या ही त्याची लक्षणे होत. त्या वाफेला वास नाही, रंगही नाही. भट्टी राहत्या खोलीतच असेल, तर गर्भवती स्त्री व तान्हे मूल यांचीही तीतून सुटका नाही.

हा प्रश्न एका बाजाराचा नव्हे. आफ्रिका, दक्षिण अमेरिका व आग्नेय आशियातील लक्षावधी छोटे खाणकामगार हीच रीत वापरतात. 2015 साली मानवी व्यवहारांतून हवेत गेलेल्या पाऱ्यापैकी सुमारे 38 टक्के वाटा अशा खाणकामाचा होता. खाणींतील ही उघडी जाळणी बंद करण्याचे 2013 च्या मिनामाता कराराने ठरवले आणि 2018 मध्ये भारताने त्या करारास मान्यता दिली.

आपला कायदा काय म्हणतो? पाऱ्याची विषबाधा 1948 च्या कारखाने कायद्यातील नोंदणीयोग्य रोगांच्या यादीत होती; 2020 च्या संहितेतही ती आहे. परंतु दहांहून कमी माणसांची जागा सामान्यतः या तरतुदींच्या कक्षेबाहेर राहते आणि झारेकरी तर रस्त्यावरच बसलेला!

मुलामा देणाऱ्या कारागिरांना पारा कसा ग्रासतो, हे रामाझिनी या इटालियन वैद्याने 1700 साली लिहून ठेवले. रोग्याला त्याचा धंदा विचारा, असेही त्याने वैद्यांना बजावले. कापसाच्या धुळीने छाती भरलेले कामगार पाहिलेल्या गिरणगावाला या प्रश्नाचे मोल वेगळे सांगायला नको. हिंदमातेहून चालत गाठता येणाऱ्या केईएमपासून गल्लीतल्या दवाखान्यापर्यंत सर्वत्र केसपेपरवर धंद्याची नोंद व्हावी. थरथरता हात वयावर किंवा दारूवर ढकलण्याआधी लघवीतील पारा तपासला जावा.

नुसत्या बंदीने धंदा माळ्यावर जाईल आणि धूर घरात कोंडेल. वाफ थंड करून पारा परत मिळवणारी बंद भांडी असतात. महापालिकेने अशी सामायिक भट्टी उभारली, तर पाराही वाचेल आणि माणूसही. पाडव्याला गुंजभर सोने घेताना आपण कस पाहतो, वजन पाहतो. ते ज्या हातांतून आले, त्या हातांचा कंपही एकदा पाहावयास हवा.