अकिलीसच्या नावातले दुःख

होमरच्या ‘इलियड’ महाकाव्याचा नायक अकिलीस म्हणजे ‘ओठ नसलेला’, असे पुराणकथांची पुस्तके अजूनही बिनदिक्कत सांगतात. आधार अपोलोडोरसच्या नावावर चालणाऱ्या जुन्या कथासंग्रहाचा. किरॉन या नराश्वाने बाळाला सिंहाची आतडी आणि अस्वलाची मज्जा भरवून वाढवले, त्याचे ओठ स्तनाला लागलेच नाहीत, म्हणून ‘अ’ हा नकार आणि ‘खेइलोस’ म्हणजे ओठ.

ही व्युत्पत्ती वृत्तातच अडकते. होमर एकच ‘ल’ घेऊन ‘अखिलेउस’ म्हणतो तिथे ‘खि’ लघु असतो; त्या जागी ‘खेइ’ बसत नाही. शिवाय इलियडच्या नवव्या सर्गात वृद्ध फिनिक्स सांगतो, की छोट्या अकिलीसला मांडीवर घेऊन त्यानेच मांस भरवले, मद्य पाजले. नावाचा अर्थ विसरल्यावर नावासाठी रचलेली ही कथा आहे, इतकेच.

दुसरा पक्ष मात्र आदराने ऐकावा असा. डच भाषाशास्त्रज्ञ रॉबर्ट बेकेस यांच्या मते हे नाव मुळात ग्रीकच नाही. कधी ‘ल’, कधी ‘ल्ल’, हे ग्रीकपूर्व भाषेचे लक्षण. पण नाव आखडताना ग्रीकही ‘ल’ दुपटवते. स्पार्टाच्या राजा खारिलाओसचा ‘खारिल्लोस’ झालाच ना! याच वाटेने ‘अखोस’ (दुःख) आणि ‘लाओस’ (लोक, सैन्य) यांतून ‘अखिल्लेउस’ येतो, म्हणजे ज्याच्या लोकांना दुःख आहे असा. भाषाशास्त्रज्ञ लेनर्ड पामर यांनी हा अर्थ मांडला आणि होमरचे अभ्यासक ग्रेगरी नॅगी यांनी 1979 मध्ये तो इलियडच्या आशयाशी जोडून दाखवला.

असे अशुभ नाव पोराला कोण ठेवील? खरीखुरी माणसे ठेवत होती. मायकेल व्हेंट्रिस यांनी 1952 मध्ये ‘लिनिअर बी’ ही प्राचीन ग्रीक लिपी उलगडली आणि क्नोसॉस व पायलॉस इथल्या मातीच्या पाट्यांवर ‘अ-कि-रे-उ’, म्हणजे ‘अखिलेउस’, हे नाव वाचता आले. इलियडच्या कित्येक शतके आधी, राजवाड्याच्या हिशेबात नोंदलेली ही हाडामासाची माणसे! इलियडमध्येच कोप्रेउस नावाचा दूत आहे आणि ‘कोप्रोस’ म्हणजे शेण. आपल्याकडेही मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू अशी नावे ठेवली जातच.

म्हणजे नाव कवींनी घडवले नाही. आयते मिळाले, आणि त्यांनी त्याचे सोने केले. पहिल्या सर्गात ग्रीक सेनापती अ‍ॅगामेम्नॉन अपमान करतो तेव्हा अकिलीसला ‘अखोस’ होतो. तो रुसून बाजूला बसतो आणि त्याच्याच बाजूचे ग्रीक सैन्य मरू लागते. अठराव्या सर्गात जिवलग मित्र पॅट्रोक्लसच्या मरणाची बातमी येते, तेव्हा होमर पुन्हा हाच शब्द योजतो.