मेंढराच्या औषधाला काटा का नाही?

कपाशी गेली की अंबड-घनसावंगीच्या कोरडवाहू घरात मेंढरू विकूनच उधारी फिटते. त्याच मेंढराचे रक्त पावसाळ्यात पोटातले जंत पितात. हजार जंत असले तर रोज सुमारे ५० मिलिलिटर! डोळ्याची पापणी आतून पांढरी पडते, जबड्याखाली पाणी उतरते, कोकरू वाढतच नाही. आणि औषध कसे पाजतात? लहान-मोठ्या सगळ्यांना एकच माप, तेही अंदाजाने. (बाटली पुरवून पुरवून पाजायची खोड आमचीही आहे.) कमी मात्रेत तगडे जंत वाचतात, त्यांचीच पिलावळ वाढते, मग तेच औषध पाण्यासारखे. फुकटचे औषध आम्ही मागत नाही. तालुक्याच्या दवाखान्यात लेंडी तपासा, मेंढरे तोलायला काटा ठेवा, आणि पहिल्या पावसाआधी ठेवा!